न गंजणारें पोलाद कां गंजतें

मुंबईसारख्या शहरांत समुद्रासमोर एखादी नवी इमारत उभी राहते. जिन्याला आणि गच्चीला चकचकीत स्टेनलेस पोलादाचे कठडे बसवितात. गृहप्रवेशाच्या दिवशीं पाहुणे त्या कठड्यांत आपला चेहरा पाहून घेतात. पुढें एक पावसाळा जातो, आणि एके सकाळीं घरच्या बाईंच्या ध्यानांत येतें कीं, कठड्याच्या सांध्यांभोंवतीं तांबूस ठिपके उमटले आहेत. चहा सांडून वाळावा तसे. कंत्राटदाराला बोलावणें जातें. ‘तुम्ही आम्हांला बनावट माल दिलात,’ असें घरमालक म्हणतात. ‘साहेब, माल अस्सल आहे, लोहचुंबक लावून पाहा,’ असें कंत्राटदार म्हणतो. लोहचुंबक आणतात. तो चिकटत नाहीं. माल अस्सल ठरतो, आणि डाग मात्र जागच्या जागीं राहतात.

या भांडणांत बहुधा दोघेही थोडे चुकलेले असतात. लोहचुंबकाची कसोटी मुळांतच फसवी आहे. अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असलेल्या पोलादाला लोहचुंबक सहसा चिकटत नाहीं, हें खरें. परंतु तेंच पोलाद वांकविलें, ठोकलें किंवा ओढून ताणलें म्हणजे त्यांत थोडें चुंबकत्व येतें. उलट, निकेल जवळजवळ नसलेलें, केवळ सतरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियमवर भिस्त ठेवणारें पोलाद लोहचुंबकाला चांगलें चिकटतें, आणि तरीही तें स्टेनलेसच असतें. आणखी एक प्रकार आहे : निकेल वांचविण्यासाठीं त्याच्या जागीं बरेंचसें मँगनीज घातलेलें स्वस्त पोलाद. तें चुंबकाला दाद देत नाहीं, पण समुद्राच्या हवेंत अठरा-आठच्या बरोबरीनें टिकतही नाहीं. तेव्हां चुंबक खिशांत ठेवून द्यावा आणि निराळाच प्रश्न विचारावा. कारखान्यांत कापून, वांकवून, वितळवून जोडल्यानंतर या पोलादाच्या अंगावरून शेवटचा हात कोणता फिरला?

हा शेवटचा हात म्हणजे काय, हें समजण्यासाठीं घरांतल्याच एका जुन्या अनुभवापासून आरंभ करणें बरें. पितळेच्या पातेल्यांना कल्हई करीत असत. कल्हईवाला पातेलें भट्टीवर तापवी, आंत नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्यानें तो रुपेरी रस भांडेंभर फिरवी. ती कल्हई पितळेहून वेगळी वस्तु होती. बाहेरून आणलेली आणि वर चढविलेली. झिजली कीं पुन्हां करून घ्यावी लागे. स्टेनलेस पोलादावरही कारखान्यांत अशीच कांहीं कल्हई किंवा रोगण चढवीत असतील, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत असते. आणि ‘पॅसिव्हेशन’ हा भारदस्त शब्द बिलावर वाचला म्हणजे ती अधिकच दृढ होते. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. या क्रियेंत पोलादावर कांहीं चढवीत नाहींत. जें नको तें चढलेलें असतें, तें उतरवितात. संरक्षण करणारें कवच पोलाद स्वतःच निर्माण करतें.

हें कवच येतें कोठून? पोलादांत साडेदहा टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम असलें म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक पापुद्रा तयार होतो. लोखंडाचा गंज हाही ऑक्साइडच. परंतु तो सच्छिद्र, भुसभुशीत, सुटून पडणारा. त्याच्या आड पाणी व हवा बसून आंत खात राहतात. क्रोमियमचा पापुद्रा घट्ट, अखंड आणि धातूला जखडलेला असतो. त्याची जाडी किती म्हणावी? एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग कल्पिले, तर त्यांतील दोन-तीन भाग. एका साध्या कागदाच्या जाडींत असे तीस-चाळीस हजार पापुद्रे सहज मावतील. प्रकाश त्यांतून आरपार जातो, म्हणून दिसते ती धातूची झळाळी. पापुद्रा दिसत नाहीं. त्याचा खरा गुण मात्र जाडींत नसून पुनरुज्जीवनांत आहे. सुरीनें ओरखडा काढला तर पापुद्रा फाटतो, उघड्या पडलेल्या क्रोमियमला पुन्हां प्राणवायु मिळतो, आणि क्षणार्धांत जखम भरून येते. कल्हईला हें कधींच साधलें नाहीं.

अशा अदृश्य पापुद्र्याची कल्पना विज्ञानाला स्टेनलेस पोलाद जन्माला येण्याच्या कितीतरी आधीं आली होती, आणि तीही साध्या लोखंडावरून. १७९० मध्यें जेम्स कीर या स्कॉटिश रसायनज्ञानें रॉयल सोसायटीपुढें एक चमत्कारिक निरीक्षण मांडलें. तीव्र नत्राम्लांत, म्हणजे नायट्रिक ॲसिडांत, बुडवून काढलेलें लोखंड पुढें असे वागूं लागतें कीं, जणूं त्याचा स्वभावच पालटला आहे. शेंचाळीस वर्षांनंतर, १८३६ सालीं, स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्राध्यापक शेनबाइन यानें हाच विषय हातीं घेतला आणि मायकेल फॅरडेला पत्रानें कळविला. ओझोन वायूचा शोध पुढें लावणारा तो हाच शेनबाइन. प्रयोग असा : सौम्य नत्राम्लांत लोखंडाची तार टाकली तर तें फसफसून उठतें, तांबडे-पिवळे धूर निघतात आणि तार विरघळूं लागते. तीच तार प्रथम तीव्र नत्राम्लांत बुडवावी. वास्तविक अधिक तीव्र आम्लानें तिचा फडशा पाडावयास हवा. पण कांहींच घडत नाहीं. नंतर ती काढून सौम्य आम्लांत घातली तरी ती तशीच शांत राहते. मग तिला काचेच्या कांडीनें जरा खरवडावें किंवा ठोकावें, कीं सारें आम्ल एकदम उसळतें. शेनबाइननें या अवस्थेला ‘निष्क्रियता’ अशा अर्थाचें नांव दिलें. ‘पॅसिव्हेशन’ या शब्दाचें मूळ तेंच. फॅरडेनें तर्क केला कीं, लोखंडाच्या पृष्ठभागाचा प्राणवायूशीं कांहींतरी संयोग झालेला असला पाहिजे, आणि तोच आंतल्या धातूला झांकून धरीत असावा. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूविषयीं हा तर्क होता. केंब्रिज येथील यू. आर. इव्हान्स यानें १९२७ मध्यें लोखंडावरील असा पापुद्रा धातूपासून सुटा करून दाखविला, तेव्हां फॅरडेला जाऊन साठ वर्षें होत आलीं होतीं.

साध्या लोखंडाची ही निष्क्रियता क्षणभंगुर असते. ती टिकाऊ करणारें पोलाद घडलें तें विसाव्या शतकाच्या आरंभीं. जर्मनींत एसेन येथील क्रुप कारखान्याच्या मौरर व स्ट्राउस यांनीं क्रोमियम आणि निकेल घातलेल्या पोलादाचीं पेटंटें १९१२ मध्यें मागितलीं. इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली हा बंदुकीच्या नळ्या आंतून लौकर कां झिजतात याचा शोध करीत होता. ऑगस्ट १९१३ मध्यें त्यानें सुमारें तेरा टक्के क्रोमियमचें पोलाद ओतविलें. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यापूर्वीं पोलादाचा तुकडा नत्राम्लाच्या पातळ द्रावानें किंचित् खरवडून घेण्याची रीत असते. हा तुकडा त्या आम्लाला दाद देईना. दुसऱ्या एखाद्यानें तुकडा नालायक ठरवून फेकला असता. ब्रिअर्लीला त्यांत सुऱ्या-कांटे दिसले. शेफील्डचे सुऱ्या करणारे मात्र प्रथम खूष झाले नाहींत. हें कठीण पोलाद त्यांना नीट घडवितां येईना, धार नीट बसेना. ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक’ अशी ब्रिअर्लीची थट्टा होऊं लागली. शेवटीं अर्नेस्ट स्टुअर्ट या सुऱ्यांच्या कारखान्याच्या व्यवस्थापकानें व्हिनेगर लावून पाहिलें, डाग पडेना, आणि ‘स्टेनलेस’ हें नांव रूढ झालें. नांवाचें हें एक दुर्दैव आहे. ‘डाग न पडणारें’ असें म्हटलें कीं लोक ‘कधींही, कोठेंही, कसेंही वागविलें तरी डाग न पडणारें’ असें ऐकतात.

नत्राम्ल या कथेंत पुन्हां पुन्हां येतें, आणि पुढेंही येणार आहे. पण तत्पूर्वीं कारखान्यांत शिरून पाहिलें पाहिजे.

पोलादाच्या गिरणींतून निघालेला पत्रा स्वच्छ असतो. त्याचें कवच अखंड असतें. त्याचे हाल होतात ते पुढें. बहुतेक लहान कारखान्यांत एकाच छपराखालीं साध्या लोखंडाच्या खिडक्यांचे गजही कापतात आणि स्टेनलेसचे कठडेही जोडतात. ज्या ग्राइंडरच्या चाकानें आतांच लोखंड घासलें, तेंच चाक स्टेनलेसवर फिरतें. लोखंडाच्या ठिणग्या उडून येतात. त्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कणच होत. लोखंडी टेबलावर पत्रा ओढतात, लोखंडी साखळीनें उचलतात, लोखंडी तारेच्या ब्रशानें सांधा घासतात. या प्रत्येक खेपेला साध्या लोखंडाची धूळ स्टेनलेसच्या अंगांत रुतून बसते. तिला स्वतःचें कवच नसतें. दमट हवा लागली कीं ती गंजते, आणि तांबूस ठिपका दिसतो. म्हणजे पुष्कळदां स्टेनलेस गंजलेलें नसतेंच. गंजलेला असतो तो पाहुणा. परंतु पाहुणा गंजतांना यजमानालाही बिघडवितो. त्या गंजाखालीं प्राणवायु पोंचत नाहीं, खारें पाणी मात्र अडकून राहतें, आणि पुढें अस्सल पोलादालाही सुईच्या टोंकाएवढे खळगे पडूं लागतात.

दुसरा उपद्रव वेल्डिंगचा. सांधा वितळवून जोडला कीं त्याच्या दोन्ही अंगांना गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे पट्टे उमटतात. मोराच्या पिसासारखे ते सुंदर दिसतात, आणि कांहीं कारागीर ते मुद्दाम राखतातही. परंतु तो रंग म्हणजे उष्णतेनें वाजवीपेक्षां जाड झालेला ऑक्साइडचा थर होय. त्यासाठीं लागणारें क्रोमियम धातूच्या वरच्या अंगांतूनच ओढलें जातें. त्यामुळें रंगीत थराच्या लगेच खालीं क्रोमियमला पारखी झालेली एक पातळ पट्टी उरते. म्हणून वरवर घासून रंग नाहींसा केला तरी काम भागत नाहीं. कित्येकदां तें अधिकच बिघडतें, कारण दुर्बल पट्टी आतां उघडी पडलेली असते. रंगाबरोबर तीही गेली पाहिजे. नळाच्या किंवा टाकीच्या आंतल्या बाजूस तर हात पोंचत नाहीं. तेथें वेल्डिंग चालूं असतां आंत आर्गॉन वायु भरून ठेवतात, म्हणजे प्राणवायूच्या अभावीं रंगच फारसा चढत नाहीं. दुधाच्या व औषधांच्या कारखान्यांत हा खर्च करतात. कठड्यांच्या कामांत तो सहसा कोणी करीत नाहीं.

आतां उपाय. पहिला आणि सर्वांत उपेक्षित उपाय म्हणजे तेल काढणें. कापतांना-वांकवितांना लागलेलें तेल, खडूच्या व शाईच्या खुणा, चिकटपट्टीचा डिंक, हें सारें अल्कलीच्या गरम द्रावानें धुऊन काढावें लागतें. आम्ल तेल काढीत नाहीं. तेलाखालचा भाग तसाच राहतो. तेल गेलें कीं नाहीं हें पाहण्याची रीत कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. ताट नीट घासलें असलें कीं पाणी त्यावर सलग पसरतें. तुपाचा अंश राहिला असला कीं त्याचे थेंब-थेंब होतात. कारखान्यांतही हेंच पाहतात.

त्यानंतर, वेल्डिंगचा रंग किंवा भट्टींतील काळी खपली असेल, तर ‘पिकलिंग’. या शब्दाचा लोणच्याशीं संबंध एवढाच कीं, वस्तु आंबट द्रावांत मुरत ठेवावयाची. तांब्याचा तांब्या चिंचेनें घासला कीं काळपटपणा जाऊन खालचा लाल धातु दिसतो. तत्त्व तेंच, पण येथें चिंचेचें काम भागत नाहीं. नत्राम्लांत थोड्या प्रमाणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल मिसळतात. हें मिश्रण ऑक्साइडचा थर, त्याखालची दुर्बल पट्टी आणि रुतलेलें लोखंड या तिघांनाही खाऊन टाकतें. मोठ्या वस्तु कुंडांत बुडवितात; कठड्याच्या सांध्यांवर त्याचा लेप ब्रशानें लावतात आणि कांहीं मिनिटांपासून तासाभरापर्यंत ठेवून भरपूर पाण्यानें धुतात. पृष्ठभाग मंद, पांढुरका होतो. ग्राहकाला तो आवडत नाहीं, म्हणून कित्येक कारखाने पिकलिंग टाळून नुसतें पॉलिश करून मोकळे होतात. पुढच्या पावसाळ्यांतल्या डागांचा उगम पुष्कळदां या आवडीनिवडींतच असतो.

या लेपाविषयीं स्पष्ट बोलणें अवश्य आहे. कारण तो लावणारा मजूर बहुधा त्याच्या डब्यावरची सूचना वाचूं शकत नाहीं. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेला खातें, हें शाळेंत शिकवितात. माणसाला तें काय करतें, हें क्वचितच शिकवितात. गंधकाम्ल अंगावर पडलें तर तत्काळ आग होते आणि माणूस पाण्याकडे धांवतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असलें तर प्रथम वेदना होतही नाहीं. तें कातडींतून आंत झिरपतें, मांसांतील व रक्तांतील कॅल्शियमला बांधून टाकतें, आणि कित्येक तासांनीं असह्य कळा सुरू होतात. जखमेचा विस्तार मोठा असला तर रक्तांतील कॅल्शियम घटून हृदय बंद पडूं शकतें. त्यावर उपाय आहे : ताबडतोब पुष्कळ पाण्यानें धुणें, कॅल्शियम ग्लुकोनेटचें मलम चोळणें आणि विलंब न लावतां इस्पितळ गांठणें. ज्या कारखान्यांत लेपाचा डबा आहे, पण त्या मलमाची नळी नाहीं, त्या कारखान्यांत तो डबा उघडूंच नये. धुतलेलें पाणीही गटारांत सोडण्यासारखें नसतें. त्यांत फ्लोराइड, क्रोमियम व निकेल उतरलेलें असतें. चुन्यानें तें निववून गाळ वेगळा काढावा लागतो.

पिकलिंगनंतर, किंवा रंग-खपली नसेल तर थेट, ‘पॅसिव्हेशन’. येथें नत्राम्ल पुन्हां येतें, पण हायड्रोफ्लोरिकशिवाय. अमेरिकन प्रमाण-संहितेंतील एक सर्वमान्य कृति अशी : शेंकडा वीस ते पंचेचाळीस भाग नत्राम्लाचा द्राव, उष्णमान एकवीस ते बत्तीस अंश सेल्सियस, वेळ निदान अर्धा तास. या तीव्रतेंतही एक मौज आहे. अति तीव्र नत्राम्लांत शेनबाइनच्या तारेप्रमाणें लोखंडाचे कणही निष्क्रिय होऊन बसतील. मध्यम आम्लांत ते विरघळतात. क्रोमियमनें झांकलेल्या पोलादाला मात्र हें आम्ल खाऊं शकत नाहीं. उलट तें प्राणवायु देणारें असल्यामुळें कवच अधिक भरीव होण्यास मदतच करतें. एकाच कुंडांत परका विरघळतो आणि घरचा बळावतो. अर्थात् सर्वच स्टेनलेस जातींना ही कृति मानवत नाहीं. यंत्रावर सहज कापलें जावें म्हणून ज्यांत गंधक घातलेला असतो तें पोलाद अशा आम्लांत काळवंडतें. त्याच्या कृति निराळ्या आहेत.

अलीकडे नत्राम्लाची जागा पुष्कळ ठिकाणीं सायट्रिक आम्ल घेत आहे, म्हणजे लिंबांत असतें तेंच. शेंकडा चार ते दहा भागांचा द्राव, साठ ते एकाहत्तर अंश उष्णमान, आणि वेळ अवघा चार मिनिटें; द्राव कमी ऊन असेल तर दहा किंवा वीस मिनिटें. सायट्रिक आम्ल लोखंडाचे अणु पकडून द्रावांत धरून ठेवतें, क्रोमियमला हात लावीत नाहीं, आणि त्यांतून विषारी धूर निघत नाहीं. परंतु वेल्डिंगचा पक्का निळा-काळा रंग नुसत्या सायट्रिक आम्लानें निघत नाहीं, हें लक्षांत ठेवावें. पिकलिंगचें काम पॅसिव्हेशनवर ढकलणें, ही या धंद्यांतील नेहमींची पळवाट आहे.

तिसरी एक रीत आहे. फॉस्फरिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणांत वस्तु धन ध्रुवाला जोडून विजेचा प्रवाह सोडतात. पृष्ठभागाचे सूक्ष्म उंचवटे आधीं विरघळतात, खळगे मागाहून. अंग आरशासारखें गुळगुळीत होतें आणि कवचही उत्तम बसतें. हाडें जोडण्यासाठीं शरीरांत ठेवावयाच्या पट्ट्या-खिळ्यांना आणि औषधी कारखान्यांतील नळांना अशी झिलई देतात. रक्त हें बोलून चालून खारें पाणी. तेथें एखाद्या कणाचा गंजही रोग्याला भोगावा लागतो. दुधाच्या टाकींत प्रश्न आणखी निराळा असतो. खळगा पडला कीं त्यांत दुधाचा अंश राहतो, आणि जंतूंना घर मिळतें.

काम नीट झालें कीं नाहीं, हें डोळ्यांनीं कळत नाहीं. कवच अदृश्य, आणि लोखंडाची धूळही अदृश्य. म्हणून परीक्षा. सर्वांत सोपी ती पाण्याची : वस्तु पाण्यांत भिजवून, वाळवून, पुन्हां पुन्हां तसें करून गंज दिसतो का पाहणें. अधिक त्वरित परीक्षा मोरचुदाची. किंचित् गंधकाम्ल घातलेला मोरचुदाचा द्राव पृष्ठभागावर सहा मिनिटें ओला ठेवतात. मोकळें लोखंड असलें तर तें द्रावांतलें तांबें आपल्या अंगावर ओढून घेतें आणि लालसर डाग दिसतो. शाळेंत लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यांत टाकून तांबडा झालेला ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. त्याहून नाजूक परीक्षेंत पोटॅशियम फेरिसायनाइड व नत्राम्ल यांचा द्राव वापरतात. लोखंडाचा लेश असला तरी कांहीं सेकंदांत गर्द निळा ठिपका उमटतो. ही परीक्षा इतकी तिखट आहे कीं, ती विनाकारण करूं नये असें जाणकार सांगतात. अन्न शिजविण्याच्या भांड्यांवर मोरचुदाची काय किंवा ही निळी काय, दोन्ही परीक्षा वर्ज्य आहेत.

एवढें सारें केलें, तरी पॅसिव्हेशनच्या अंगीं जादू नाहीं. पोलादाच्या जातींत जितकें बळ असेल, तितकेंच तें मोकळें करतें. अधिक देत नाहीं. कवचाचा मोठा वैरी क्लोराइड, म्हणजे मिठांतील तिखटपणा. समुद्रकांठीं अठरा-आठ पोलादापेक्षां दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातलेलें पोलाद घ्यावें तें यासाठींच. वेल्डिंगच्या उष्णतेनें आंतील कर्ब क्रोमियमशीं संयोग पावून कणांच्या सीमांवर जमतो, तो दोष तर धातूच्या गाभ्यांतला. तो आम्लानें निघत नाहीं, त्यासाठीं मुळांतच कर्ब ०.०३ टक्क्यांपर्यंत उतरविलेली जात निवडावी लागते. स्वित्झर्लंडांत झुरिकजवळ उस्टर येथील पोहण्याच्या तलावाचें कॉंक्रीटचें छत स्टेनलेस पोलादाच्या गजांनीं वर टांगलेलें होतें. तलावाच्या पाण्यांतील क्लोरीनमुळें हवेंत आलेले क्लोराइड त्या गजांवर वर्षानुवर्षें सांचत गेले. ताण सोसणाऱ्या पोलादाला आंतल्या आंत भेगा पडल्या. मे १९८५ मध्यें छत कोसळलें आणि बारा माणसें दगावलीं. त्या जागीं ती जातच चुकीची होती. कोणत्याही कुंडांतील स्नानानें ते गज वांचले नसते.

आतां पुन्हां त्या समुद्रासमोरील कठड्याकडे. ऑस्ट्रेलियांत या तांबूस छटेला कारागिरांनीं ‘चहाचे डाग’ असेंच नांव दिलें आहे. भर समुद्रकिनाऱ्यापासून पांच किलोमीटरपर्यंत त्यांचा त्रास विशेष होतो, असा तेथील अनुभव. खरबरीत पॉलिशच्या बारीक चऱ्यांत मीठ अडकतें. ज्या भागावर पाऊस पडतो तो धुतला जातो, आणि सज्जाच्या आडोशाचा भाग अधिक डागाळतो. म्हणून कठडा महिन्या-दोन महिन्यांनीं साबणाच्या कोमट पाण्यानें मऊ फडक्यानें पुसून साध्या पाण्यानें धुवावा. तारेच्या लोखंडी घासणीनें डाग घासणें म्हणजे कारखान्यांतील चूक घरीं पुन्हां करणें. स्वयंपाकघरांतील मोरीच्या स्टीलवर ब्लीचिंगचें पाणी रात्रभर सांचूं देऊं नये. आणि पातेल्यांत मीठ टाकावयाचें तें पाणी उकळल्यावर टाकावें, गार पाण्यांत टाकून तळाशीं बसूं देऊं नये. नव्या पातेल्याच्या तळाशीं दिसणारे पांढुरके बारीक खळगे बहुधा या संवयीचे असतात.

आणि एक गोष्ट, जी कंत्राटदारही सहसा सांगत नाहींत. इमारतीचें काम संपत आलें कीं फरशीवरील सिमेंटचे डाग काढण्यासाठीं गवंडी हायड्रोक्लोरिक आम्लानें फरशी धुतात. त्याच्या वाफा जवळच्या कठड्यावर बसतात, आणि तें आम्ल म्हणजे क्लोराइडच. नत्राम्लानें कमावलेलें कवच एका दुपारींत उखडतें. तेव्हां फरशी आधीं धुऊन, वाळवून घ्यावी आणि कठडा मागाहून बसवावा. कठडा आधींच बसला असेल तर तो पक्का झांकून घ्यावा, आणि फरशीचें काम होतांच त्याच दिवशीं भरपूर साध्या पाण्यानें धुवावा. कठड्याचा करार करतांना त्यांत पोलादाची जात, सांध्यांचें पिकलिंग आणि नंतरचें पॅसिव्हेशन या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. ‘पॉलिश’ या एका शब्दांत त्या येत नाहींत.